गाठी सुटल्या की

मी दिवाकर झाडे. कानगावात, पाण्याच्या टाकीमागे,
टिनाच्या शेडात माझं लेथ.
जिनिंगच्या रुळांवर चामड्याच्या चकत्या चढवतो,
दाबतो, घासतो, खाचा पाडतो.
मिलमध्ये कापसाची रुई होते
ती माझ्या खाचांवरून जाते.
हे कुणाला माहीत असायचं कारण नाही.

कार्तिकात बारा रूळ दिले.
बिल शहाऐंशी हजार चारशे.
मुनीम गुणवंतराव म्हणाले, "गाठी सुटल्या की देऊ."
गाठी सुटल्या. ट्रकवर चढून दक्षिणेकडे गेल्या,
फाटकाशी उभा राहून मी मोजल्या.
पौषात गेलो, सेठ नागपूरले.
माघात गेलो, सेठ हायेत, चेकबुक नागपूरले.
फाल्गुनात गुणवंतरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला,
पोराच्या नोकरीचं सांगितलं, कंबरेचं सांगितलं,
आणि शहाऐंशी हजार चारशे
बशीखाली दडपल्यासारखे आमच्या मधोमध.
दोघांनीही बशी उचलली नाही.

बहिणीची मोनाली बी.कॉम.ला.
"मामा, मांगत काऊन फिरता? बिल चढवा."
"कुठं चढवू?"
"मोबाईलवर."
टाकीच्या तिसऱ्या पायरीवरच नेटवर्क येतं.
तिथं बसून तिनं बिलाचा फोटो काढला,
माझा तेलकट अंगठा यंत्रानं तीनदा नाकारला,
चौथ्यांदा ओळखला.
मिलनं 'मान्य' दाबलं की पैसे बँक देणार, थोडे कापून,
मग तारखेला बँकच मिलच्या दारात.
बँक चहा पीत नाही.
"आन् नाही म्हटलं तं?"
"तं कारण लिहा लागते, मामा.
'पाहू' असं बटनच नाही त्याच्यात."

नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी, चकची किल्ली हातात असताना, खिशात टुणकन वाजलं.
पंच्याऐंशी हजार चारशे चाळीस.
लेथ बंद केलं. उगाच. पुन्हा सुरू केलं.

रात्री पायरीवर बसून तोच आकडा पाहत होतो,
बोट सरकलं, दुसरा रकाना उघडला.
देणे.
शेख यासीन, आर्वी नाका. चकत्या, सातशे वीस नग.
एकोणीस हजार. त्र्याहत्तर दिवस.
तुमच्या मान्यतेच्या प्रतीक्षेत.
लाल ठिपका.

यासीनचे दोन फोन आले होते मधे.
"रूळ बराबर चालते ना?" एकदा.
"पोरं कशी हायेत?" एकदा.
मी म्हणालो होतो, मिलचे आले की देतो.

अंगठा काचेवर धरला आणि धरूनच ठेवला.
विजेचं बिल आठवलं, नवं टूलबिट आठवलं,
थकलेलं शेडचं भाडं आठवलं,
आणि वाटलं, चार दिवसांनी दाबलं तर काय बिघडते.
तेव्हा मला गुणवंतराव समजले.
अर्धं मिनिट, पण पूर्ण समजले.
मग दाबलं.
कुठल्या तरी गोठ्यात घंटी वाजत होती, कुत्रं भुंकत होतं,
यासीनचा फोन त्याच्या उशाशी वाजला असेल, किंवा नसेल.

वैशाखात मिल बंद. तरी गेलो, सवयीनं.
अंगणात सरकी सांडलेली, चिमण्या.
गुणवंतराव एकटेच, पंख्याखाली, वही उघडी.
"आता कायले आला बावा?"
"चहा प्यायले."
हसले. पोऱ्याला हाक मारली.
चहा संपल्यावर मी बशी उचलली,
टेबलावर नुसता ओला गोल.

ते त्या गोलाकडे बघत राहिले.
मग आवाज उतरवून, जणू सेठ मागे उभे आहेत,
"दिवाकर, माह्या पगाराचे तीन महिने झाले.
तुह्या मोबाईलमधी त्याचं काही असते का?"